गोंधळ जलद झाला की फीत?

तुळजाभवानीचा गोंधळ तुम्ही ऐकला असेलच. संबळ, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने रात्री रंगणारा हा विधी कधीही दोनदा तंतोतंत सारखा होत नाही. समोरचे श्रोते पाहून मुख्य गोंधळी कथा लांबवतो, आटोपती घेतो, लय वाढवतो. म्हणूनच एकाच कलावंताच्या निरनिराळ्या वर्षांच्या ध्वनिफिती ताडून पाहण्यात मौज असते. अमेरिकेतील 'ग्रेटफुल डेड' हा वाद्यवृंदही 1965 ते 1995 या काळात तीच गाणी दर वेळी नव्याने खुलवी. श्रोत्यांनी केलेल्या त्याच्या ध्वनिमुद्रणांची तुलना रसिक आजही करतात.

आता समजा, तुमच्या गावात गोंधळाच्या दोन जुन्या कॅसेट आहेत. दुसरीतील गाणे पहिलीपेक्षा जलद आणि चढ्या सुरात ऐकू येते. मग कलावंत पुढे जलद गाऊ लागला असे म्हणावे काय?

कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकावी असे ठरलेले आहे. ध्वनिमुद्रण करताना यंत्राची बॅटरी उतरलेली असेल, तर फीत हळू सरकते आणि ध्वनिलहरी तिच्यावर दाटीने नोंदल्या जातात. पुढे ती योग्य वेगाने वाजवली की त्याच लहरी भराभर बाहेर पडतात. हा फरक 6 टक्के धरा. 262 हर्ट्झचा षड्ज सुमारे 278 हर्ट्झचा होईल. पेटीच्या भाषेत, पांढरी एकचा गायक काळी एकचा होईल! मिनिटाला 100 पडणारे संबळाचे ठोके 106 होतील आणि 30 मिनिटांची कथा सव्वाअठ्ठावीस मिनिटांत संपेल.

यातच परीक्षेची किल्ली आहे. केवळ लय वाढली असेल, तर ती कलावंताने वाढवली. केवळ सूर चढला असेल, तर त्या रात्री तुणतुण्याची तार चढी लावली होती. सूर आणि लय दोन्ही एकाच प्रमाणात वाढली असतील, तर मात्र आधी यंत्रावर संशय घ्यावा.

तो खरा की खोटा, हे ठरवायला आणखी एक साक्षीदार मिळू शकतो. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असते. त्यामुळे ध्वनिक्षेपकातून बहुधा 100 हर्ट्झची बारीक घूं घूं येते व तीही फितीवर उतरते. वारंवारता दाखवणाऱ्या मोबाइलवरील साधनाने ती मोजा. 100 च्या जागी 106 आढळली, तर दोष फितीच्या वेगाचा! मात्र विजेची वारंवारताही थोडी खालीवर होते, म्हणून एकदोन टक्क्यांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. वीज जनित्राची असेल, तर ही साक्ष मुळीच धरू नये. संगणकाने सूर न बदलता लय बदलता येते. तेव्हा तपासणी मूळ फितीचीच करावी.

गोंधळाची विद्या तोंडी चालत आली आहे. एखाद्या दिवंगत गोंधळ्याचा आवाज अशा एकाच फितीवर उरलेला असू शकतो. ती चुकीच्या वेगाने उतरवून घेतली, तर पुढची पिढी त्याचा खोटाच आवाज खरा मानील. म्हणून शाळेत अशी फीत आली, तर नक्कल करण्यापूर्वी तिचा वेग तपासा आणि मुद्रणाचे ठिकाण व वर्ष तिच्यावर लिहून ठेवा.