रिझ्युमेत कळंबोली सर्कल लिहा

"मेहनती, प्रामाणिक, टीमवर्कची आवड." परिवहन अभियंता झालेल्या आपल्या बहुतेक मुलांचा रिझ्युमे असाच सुरू होतो. ओळखपाळख नसलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधराला हे परवडत नाही, असे आम्हाला वाटते.

कळंबोली सर्कलला द्रुतगती मार्ग, सायन-पनवेल महामार्ग आणि जेएनपीटीकडची अवजड वाहतूक भिडते. तिथे प्रोजेक्टसाठी वाहनगणना केली ना? मग किती तास मोजले, ट्रेलर-दुचाकींचे पीसीयू कसे काढले, त्यावरून काय सुचवले, ते लिहा. सॉफ्टवेअर मात्र समोर बसून चालवता येईल तेवढेच.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर रांगा सांभाळल्या असतील, तर जागा, तास, जबाबदारी नोंदवा. पादचाऱ्यांची गर्दी हाताळणे याच विषयात मोडते. आपली मुले नेमके हेच संकोचाने गाळतात.