लहान कर्मशाळेसाठी पहिला प्लाझ्मा कटर

घराच्या पडवीत किंवा अंगणातील पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या फॅब्रिकेशनच्या व्यवसायाने ग्रामीण महाराष्ट्रात चांगलेच मूळ धरले आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली, शेतीची अवजारे, खिडक्यांच्या जाळ्या, गोठ्याचे कठडे, स्टेनलेस स्टीलच्या टाक्या अशी कामे आता तालुक्याच्या गावी न जाता गावातच होतात. वेल्डिंग यंत्र आणि ग्राइंडर यांवर उभ्या असलेल्या अशा कर्मशाळेचा व्याप वाढला म्हणजे प्लाझ्मा कटर घेण्याचा विचार सुरू होतो. कर्ज काढून आणलेले यंत्र कोपऱ्यात पडून राहिले तरी हप्ते मात्र थांबत नाहीत. ही निवड फसते ती पुष्कळदा यंत्रातील दोषामुळे नव्हे, तर त्याला लागणारी वीज व हवा यांचा हिशेब आधी न मांडल्यामुळे.

गॅस कटरने पोलाद कापले जाते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते जाळले जाते. ज्योतीने तापवून लाल केलेल्या पोलादावर ऑक्सिजनचा झोत सोडला की लोखंडाचे ऑक्साइड तयार होते, आणि ते लोखंडापेक्षा कमी तापमानाला वितळत असल्याने वाहून जाते. ॲल्युमिनियमची गोष्ट उलट आहे. हा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, पण त्यावरील ऑक्साइडच्या थराला वितळण्यास दोन हजारांहून अधिक अंश लागतात. स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियमचे ऑक्साइडही असेच चिवट असते. म्हणून या दोन धातूंपुढे गॅस कटरचे काही चालत नाही.

प्लाझ्मा कटर ज्वलनावर अवलंबून नसतो. नोझलच्या बारीक छिद्रातून वेगाने जाणाऱ्या हवेत विद्युत प्रज्योत निर्माण केली असता हवेचे आयनीभवन होऊन ती स्वतःच विद्युतवाहक बनते. पदार्थाची ही चौथी अवस्था म्हणजेच प्लाझ्मा होय. छिद्रामुळे आवळलेल्या या झोताचे तापमान वीस हजार अंशांच्या घरात जाऊ शकते. त्यासमोर धातू वितळतो व झोताच्या वेगाने खाली उडून जातो. वीज वाहून नेणारा कोणताही धातू याने कापता येतो. अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागातील रॉबर्ट गेज यांना या पद्धतीचे पेटंट १९५७ साली मिळाले. पुढे महागड्या वायूंऐवजी साधी दाबाची हवा वापरता येऊ लागली आणि इन्व्हर्टर तंत्रामुळे यंत्र एका माणसाला उचलता येईल इतके लहान झाले.

यावरून एक गोष्ट उघड होते. ज्याचे काम अँगल, चॅनेल आणि जाड माइल्ड स्टीलच्या प्लेटी यांपुरतेच आहे त्याने या यंत्राची घाई करू नये. पंचवीस मिलिमीटरहून जाड प्लेटीला गॅस कटर आजही स्वस्त पडतो. पातळ पत्रा, स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम व वळणदार नक्षी ही प्लाझ्माची खरी क्षेत्रे आहेत.

माहितीपत्रकात जाडीचे दोन आकडे असतात. एक सफाईदार कापाचा, दुसरा केवळ तुकडा पाडण्याचा. मोठ्या अक्षरांत बहुधा दुसराच छापलेला असतो. साधारणतः चाळीस अँपिअरचे यंत्र दहा मिलिमीटरपर्यंतचे पोलाद समाधानकारक कापते, आणि गावातील बहुतेक कामांना तेवढे पुरते.

वीज

चाळीस अँपिअरवर चालताना यंत्राचा बाहेर पडणारा दाब मानकानुसार ९६ व्होल्ट धरतात. म्हणजे सुमारे ३.८ किलोवॅट शक्ती झाली. यंत्रातील घट धरता ती साडेचार किलोवॅटच्या आसपास जाते व २३० व्होल्टच्या सिंगल फेज जोडणीतून वीस अँपिअरहून अधिक प्रवाह ओढला जातो. कॉम्प्रेसरचा दीड-दोन किलोवॅट भार वेगळाच. घरातील सोळा अँपिअरच्या सॉकेटचे हे काम नव्हे. मंजूर भार वाढवून घेणे, योग्य जाडीची स्वतंत्र वायर टाकणे आणि पक्के अर्थिंग करणे हे यंत्र खरेदीच्या आधी झाले पाहिजे.

ड्युटी सायकल साठ टक्के असल्यास दहा मिनिटांत सहा मिनिटेच यंत्र सलग चालवता येते. हा आकडा ४० अंश तापमान गृहीत धरून दिलेला असतो. चंद्रपूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली तर विचारावयासच नको. तेथे थोडे अधिक क्षमतेचे यंत्र कमी प्रवाहावर चालवणे शहाणपणाचे.

हवा

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते येथे. चाळीस अँपिअरच्या टॉर्चला सुमारे पाच बार दाबाने मिनिटाला दीडशे ते दोनशे लिटर हवा लागते, तीही अखंड. पंक्चरच्या दुकानातील एक अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर टाकी भरलेली असेतो साथ देतो. मग दाब उतरतो, प्रज्योत भरकटते आणि नोझल जळते. कॉम्प्रेसरच्या पाटीवर अनेकदा सैद्धांतिक क्षमता लिहिलेली असते. विक्रेत्याला विचारावयाचे ते प्रत्यक्ष मिळणाऱ्या हवेबद्दल. दोन ते तीन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर धरून चालावे.

हवेतील पाणी हा दुसरा शत्रू. कोकणात पावसाळ्यात टाकीच्या तळाशी रोज पाणी साचते. ते रोज सोडून द्यावे व टॉर्चच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर बसवावा. पाणी टॉर्चमध्ये शिरले की इलेक्ट्रोडच्या तांब्यात बसवलेला हाफ्नियमचा ठिपका झपाट्याने झिजतो. तेथे दीड मिलिमीटर खोल खळगा पडला म्हणजे इलेक्ट्रोड बदलावा. नोझल व इलेक्ट्रोड वारंवार लागणाऱ्या वस्तू असल्याने त्या जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात की नाही, हे यंत्राच्या किमतीइतकेच महत्त्वाचे. पायलट आर्कची सोय असलेला टॉर्च घ्यावा. गंजलेला पत्रा आणि जाळी त्याने सुलभ कापता येते.

वेल्डिंगची सवय असलेल्या कारागिराला एक धोका जाणवत नाही. वेल्डिंग यंत्राचा काम नसतानाचा दाब शंभर व्होल्टांच्या आत असतो, तर प्लाझ्मा कटरचा अडीचशे ते तीनशे व्होल्टपर्यंत जातो. त्यामुळे वीज बंद केल्याविना नोझलला हात लावू नये. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या धुराने ताप भरतो, स्टेनलेस स्टीलचा धूर फुप्फुसांना त्याहून घातक असतो; म्हणून राहत्या खोलीला लागून, बंद जागेत हे काम नको. तेलाचा किंवा औषधाचा बंद पिंप तर कधीच कापावयाचा नाही, रिकामा दिसत असला तरी.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत लोहारांसह अठरा पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना पाच टक्के व्याजाने, दोन टप्प्यांत मिळून तीन लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत पातळीवर होते. त्या वेळी अर्जदाराने आणलेले दरपत्रक सदस्यांनी व ग्रामसेवकांनी सहज नजरेखालून घालावे. त्यात केवळ यंत्राचीच किंमत असेल आणि कॉम्प्रेसर, फिल्टर, वायरिंग, गडद काचेचा चष्मा व निदान वर्षभराचे नोझल-इलेक्ट्रोड नसतील, तर ते अपुरे समजून त्याला पुन्हा दुकानी पाठवावे. आणि जाताना नेहमीच्या कामातला पत्रा सोबत नेऊन, त्याच यंत्रावर तो कापून पाहावयास सांगावे.