पिसाचा झुकता मनोरा: माती आणि वेळ यांचा धडा

या पाठात आपण इटलीतील पिसा शहराचा झुकता मनोरा स्थापत्य अभियंत्याच्या नजरेने पाहणार आहोत. मनोरा कलला, कारण जमीन मऊ होती. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण अशा जमिनीवर तो आठशे वर्षे पडला कसा नाही? आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला वाचवले कसे? हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

१. परिसर

पिसा हे आर्नो नदीकाठचे शहर. मध्ययुगात समुद्री व्यापारातून आलेल्या संपत्तीवर येथे कॅथेड्रल (प्रारंभ १०६४), बाप्तिस्मागृह (११५२) आणि कॅथेड्रलचा घंटामनोरा (११७३) उभे राहिले. हा परिसर १९८७ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तेथे गेलात तर नीट पाहा: बाप्तिस्मागृहही किंचित कललेले आहे. नदीजवळच्या सान निकोला चर्चचा घंटामनोराही तिरका आहे. म्हणजे दोष एखाद्या गवंड्याचा नाही, जमिनीचा आहे.

२. भार आणि जमीन

मनोऱ्याची उंची सुमारे ५६ मीटर आणि वजन सुमारे १४,५०० टन आहे. पाया कंकणाकृती असून बाहेरील व्यास १९.६ मीटर, तर मधल्या पोकळीचा व्यास ४.५ मीटर आहे. क्षेत्रफळ सुमारे २८५ चौरस मीटर येते. म्हणून,

सरासरी दाब = १४,५०० ÷ २८५ = सुमारे ५१ टन प्रति चौरस मीटर.

एवढा दाब घेणारा पाया जमिनीत जेमतेम तीन मीटर खोल आहे. त्याखाली साधारण दहा मीटरपर्यंत गाळ आणि वाळूचे असमान थर आहेत. त्यांच्या खाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत प्रामुख्याने समुद्री चिकणमाती आहे. वरचे थर दक्षिणेकडे अधिक दबणारे असल्याने पाया सगळीकडे सारखा खचला नाही.

३. खंड पडला म्हणून वाचला

सुमारे ११७८ मध्ये चौथ्या मजल्यापर्यंत येऊन काम थांबले आणि जवळजवळ शंभर वर्षे बंद राहिले. १२७२ मध्ये पुन्हा सुरू झाले, १२७८ मध्ये सातव्या मजल्यावर परत थांबले. घंटाकक्ष चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्ण झाला.

चिकणमातीवर भार आला की प्रथम तो तिच्या रंध्रांतील पाणी पेलते. हे पाणी अतिशय सावकाश निघून जाते, आणि ते जसजसे निघते तसतसे मातीचे कण जवळ येऊन मातीची ताकद वाढते. याला दृढीकरण म्हणतात. काम सलग चालले असते, तर मातीला हा वेळ मिळाला नसता आणि मनोरा बांधतानाच कोसळला असता.

४. अंगाशी आलेले उपाय

१८३८ मध्ये जमिनीत गेलेला तळ लोकांना दिसावा म्हणून मनोऱ्याभोवती खोलगट वाट खणली. कल एकदम वाढला. १९३४ मध्ये पायात भोके पाडून सिमेंट भरले, तेव्हाही कल वाढला. दोन्ही वेळा हेतू चांगला होता. पण काठावर तोललेल्या वास्तूखालची माती हलवली गेली.

१९८९ मध्ये पाव्हिया शहरातील जुना मनोरा कोसळून चार जण दगावले. त्यानंतर जानेवारी १९९० मध्ये पिसाचा मनोरा लोकांसाठी बंद झाला. तेव्हा कल सुमारे साडेपाच अंश होता. मिकेले यामिओल्कोव्स्की यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. समितीने उत्तरेकडे सुमारे ६०० टन शिशाचे ठोकळे ठेवले, त्यामुळे कल थोडा मागे आला. पण १९९५ मध्ये जमीन गोठवून नांगर बसवण्याचे काम सुरू होताच मनोरा पुन्हा दक्षिणेकडे सरकू लागला. काम थांबवून शिशाचा भार ९०० टनांपर्यंत वाढवावा लागला.

५. अखेरचा उपाय

खचलेली दक्षिण बाजू उचलण्याऐवजी उत्तर बाजू हळूहळू खचवायची, असे ठरले. १९९९ ते २००१ या काळात उत्तरेकडून तिरक्या नळ्या घालून थोडी थोडी माती काढली. रोज मोजमाप करायचे आणि त्यावरून पुढची माती किती काढायची ते ठरवायचे, अशी पद्धत होती. सगळी मिळून माती निघाली जेमतेम ३८ घनमीटर. कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी झाला आणि डिसेंबर २००१ मध्ये मनोरा पुन्हा खुला झाला. मनोरा सरळ करणे हा उद्देश कधीच नव्हता. कल हा त्याच्या इतिहासाचा भाग आहे. तो सुरक्षित मर्यादेत आणणे पुरेसे होते.

६. प्रत्यक्ष पाहताना

- दुरून पाहिल्यास मनोरा किंचित वाकलेला दिसतो. बांधकाम चालू असताना गवंडी वरचे मजले सरळ करण्याचा प्रयत्न करत गेले, म्हणून.
- सातव्या मजल्यावरून घंटाकक्षाकडे जाताना दक्षिणेला सहा पायऱ्या आहेत, उत्तरेला चारच. कल सुधारण्याचा हा दगडातला पुरावा आहे.

सारांश

मातीला वेळ मिळाला तेव्हा मनोरा टिकला. तळाशी घाईने हात घातला तेव्हा तो धोक्यात आला. जुन्या वास्तूची दुरुस्ती करताना आधी मोजा, मग थोडे करा, आणि पुन्हा मोजा.

स्वाध्याय

१. हेच वजन २० मीटर व्यासाच्या भरीव वर्तुळाकार पायावर आले, तर सरासरी दाब किती होईल?
२. उत्तरेकडील माती काढल्याने कल कमी का होतो, ते आकृतीसह स्पष्ट करा.