‘दुखणे’ नसलेली गाठ

मराठीत ‘दुखणे’ हा शब्द वेदना आणि आजार या दोन्ही अर्थांनी रूढ आहे. आजारी मनुष्यास ‘दुखणेकरी’ म्हणतात. जे दुखत नाही ते दुखणे नव्हे, असा एक तर्क या शब्दात दडलेला आहे. एरवी निरुपद्रवी असणारी ही संदिग्धता स्तनांच्या विकारात मात्र घातक ठरू शकते. कर्करोगाची गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही. उलट पाळीच्या सुमारास दोन्ही स्तनांत होणारी वेदना, सोबत अन्य चिन्ह नसेल तर, क्वचितच कर्करोगाची असते. इंग्लंडमधील २०१५ च्या मार्गदर्शक सूत्रांत ३० वर्षांवरील स्त्रीच्या स्तनात कारण न कळणारी गाठ असल्यास ती दुखणारी असो वा नसो, तिला तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे, असे मुद्दाम म्हटले आहे.

दुसरी अडचण अवयवाच्या नावाची. ‘स्तन’ हा शब्द ग्रांथिक. बोलताना स्त्रिया ‘छाती’ म्हणतात, किंवा नुसते ‘अंग’. मूल ‘अंगावर पिते’. परंतु ‘अंगावरून पांढरे जाते’ म्हटले की स्राव योनिमार्गातला समजावयाचा. एका प्रत्ययाने अवयवच पालटतो! तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्याने ‘कोठे दुखते?’ एवढ्यावर न थांबता ‘हाताला काही लागते का?’ असे विचारणे इष्ट. त्यानंतर दोन्ही स्तन, काखा आणि गळपट्टीच्या हाडावरील भाग तपासावा. बोंड नव्याने आत ओढले जाणे, एकाच बाजूने आपोआप रक्तमिश्रित स्राव येणे, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी होणे, ही चिन्हे गाठ नसतानाही पाठवणीस पुरेशी आहेत. तरुण मुलीची सरकती गाठ बहुधा निरुपद्रवी असते, तथापि तीही तपासून घ्यावी लागते. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीची लालसर सूज प्रतिजैविकांनी उतरली नाही, तर ती निव्वळ दाह मानून चालणार नाही.

स्त्रीने तक्रार करण्याची वाटच पाहिली नाही तर काय घडते, याचा प्रयोग मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये आरंभिला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या गटातील रोग अलीकडच्या अवस्थेत सापडल्याचे दिसले. पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले; सर्व वयांची एकत्रित घट मात्र संख्याशास्त्रीय कसोटीस उतरली नाही.

निदान अर्थातच मोठ्या रुग्णालयात. तेथे हाताने तपासणी, मॅमोग्राफी वा सोनोग्राफी आणि सुईने घेतलेला नमुना ही तिन्ही जुळावी लागतात. म्हणून सोबतच्या चिठ्ठीत ‘छातीत गाठ’ एवढेच लिहिणे निरर्थक होय. कोणती बाजू, किती सेंटिमीटर, केव्हापासून, काखेत काही लागते काय, आई-बहिणीस हा रोग होता काय, हे सारे त्यात हवे. आणि रुग्णेला ‘साधी गाठ आहे, जाऊन या’ असे सांगू नये. ‘साधी’ हा शब्द ऐकल्यावर पुष्कळ जणी जातच नाहीत.