भोपाळचे पाणी

भोपाळ म्हटले की १९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांमधली ती काळरात्र आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्या आठवणीच्या छायेत एक गैरसमजही रुजला आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्याभोवतालच्या वस्त्यांतील पाणी त्या रात्रीच्या वायूने बिघडले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. मिथिल आयसोसायनेटचा पाण्याशी संबंध आला की ते विघटित होते. भूगर्भात वर्षानुवर्षे टिकून राहणे हा त्याचा धर्म नव्हे. पाण्याचे दुखणे त्या रात्रीपूर्वीचे आहे, आणि चार दशके लोटली तरी ते सरलेले नाही.

हा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. तेथील कीटकनाशकांच्या निर्मितीत कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म यांसारखे विद्रावक वापरीत. टाकाऊ गाळ आवारातच खड्ड्यांतून पडे. १९७७ मध्ये आवाराबाहेर उत्तरेस विस्तीर्ण तळी बांधण्यात आली. सांडपाणी तेथे नेऊन उन्हाने आटवावे, अशी ती योजना. तळ्यांच्या बुडाशी प्लास्टिकचे अस्तर होते खरे. पण तळी गळत असल्याचा उल्लेख १९८२ मधल्या कंपनीच्या अंतर्गत पत्रव्यवहारात सापडतो. तो पत्रव्यवहार लोकांपुढे यावयास मात्र पुढे अमेरिकेतील खटल्यांची वाट पाहावी लागली.

हे विद्रावक इतके चिवट का, हे समजून घेण्यासारखे आहे. तेल सांडले तर ते पाण्यावर तरंगते. ते दिसते आणि वरच्यावर काढता येते. कार्बन टेट्राक्लोराइड पाण्याच्या दीडपटीहून जड असते. ते जमिनीत मुरते, पाण्याच्या थरातूनही खाली उतरते आणि चिकणमातीच्या पुटांत, कातळाच्या भेगांत जाऊन बसते. तेथे ते पाण्यात अगदी थोडे थोडे विरघळत राहते. हे ‘थोडे’च घातक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात या द्रव्याची मर्यादा लिटरला ४ मायक्रोग्रॅम ठरविली आहे. या हिशेबाने एक लिटर विद्रावक सुमारे ४० कोटी लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन भिडवील. एवढ्या अल्प प्रमाणात त्याला ना रंग, ना वास. शरीरात मात्र यकृत आणि मूत्रपिंड यांना त्याची झळ पोहोचते.

ग्रीनपीसने १९९९ मध्ये तपासलेल्या एका हापशाच्या पाण्यात हे द्रव्य त्या वेळच्या मर्यादेच्या सुमारे १,७०० पट निघाले. अटल अय्यूब नगर, अन्नू नगर, ब्लू मून कॉलनी अशा वस्त्यांतील बिऱ्हाडे असेच पाणी भरीत होती. पुढे हापशांना तांबडा रंग देऊन ‘हे पाणी पिण्यास अयोग्य’ असे लिहिण्यात आले. पण ज्या घरी दुसरा नळ नाही, त्या घराने तांबड्या रंगाचे काय करावे? २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश दिला. नळ घरोघर पोहोचण्यास त्यानंतरही वर्षे गेली. दरम्यान बाधित वस्त्यांची संख्या वाढतच राहिली आणि २०१८ पर्यंत ती ४२ झाली.

नळ आला म्हणजे भूजल शुद्ध झाले, असे नव्हे. शुद्धीचा रूढ मार्ग उपशाचा आहे. विहिरी खणून दूषित पाणी वर काढायचे, ते उंच मनोऱ्यातून खाली सोडून खालून हवा फुंकायची म्हणजे विद्रावक वाफेच्या रूपाने निघून जातो, आणि ती हवा कोळशातून गाळून घ्यायची. कोठे लोखंडाच्या चुऱ्याची भिंत भूगर्भात उभारतात. तिच्यातून झिरपताना विद्रावकातील क्लोरीन सुटते. उपसा थांबविला की भेगांतील विद्रावक पुन्हा पाण्यात उतरू लागतो, ही यातील मोठी अडचण. अमेरिकेत बोस्टनजवळील वोबर्न गावच्या दोन विहिरी १९७९ मध्ये अशाच विद्रावकांमुळे बंद झाल्या. तेथे शुद्धीकरणाचा उपसा १९९२ मध्ये सुरू झाला, आणि तेही काम दशकांच्या हिशेबानेच मोजावे लागले. म्हणून मूळ मातीला हात घातल्यावाचून पाण्याला हात घालणे व्यर्थ ठरते.

भोपाळात हे मूळ केवढे आहे, याचा अंदाज नागपूरची ‘नीरी’ आणि हैदराबादची भूभौतिकी संस्था यांनी २०१० मध्ये दिला: सुमारे ११ लाख टन दूषित माती. २०२५ च्या जानेवारीत १२ बंदिस्त वाहनांतून जो कचरा पिथमपूरला नेला आणि जूनअखेर जाळून संपविला, तो होता सुमारे ३३७ टन. तो पूर्वीच गोळा करून कोठारात ठेवलेला होता. वृत्तपत्रांनी ‘भोपाळचा विषारी कचरा संपला’ असे मथळे दिले. खड्ड्यांतील आणि तळ्यांखालील माती त्या वाहनांत नव्हती. पावसाळ्यात त्या मातीतून झिरपणारे पाणी पूर्वीच्याच वाटेने वस्त्यांखाली जाते.