खाऊपेक्षा खेळ

चेसर या बॉर्डर कॉली कुत्रीचं नाव निघालं की १,०२२ हा आकडा हमखास येतो. इतक्या वस्तू ती नावानिशी ओळखत असे. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात, स्पार्टनबर्ग इथे, मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन पिली यांनी तिला २००४ पासून तीन वर्षं शिकवलं. निष्कर्ष २०११मध्ये प्रसिद्ध झाले. पण आकड्याच्या नवलात शिकवण्याची रीत मागे पडते, आणि खरं शिकण्यासारखं तिथेच आहे. पिली एक खेळणं दाखवत, त्याचं नाव पुन्हा पुन्हा उच्चारत, ते थोडं दूर ठेवून आणायला सांगत. सुरुवातीला आसपास दुसरं काही नसे, म्हणजे चुकायला वावच नाही. नाव खेळण्यावर शाईने लिहिलेलं असे. शिकवणारा बदलला तरी शब्द बदलायचा नाही. (शिस्त आधी माणसाला लागते, ती अशी.) तिने खेळणं आणलं की शाबासकी, थोपटणं आणि त्याच खेळण्याशी खेळ. खाऊ मात्र नाही. त्याने तिचं लक्ष विचलित होतं, असा पिलींचा अनुभव होता.

हा मुद्दा मला निर्णायक वाटतो. खाऊचं बक्षीस कामाच्या बाहेर, माणसाच्या खिशात असतं, आणि कुत्र्याची नजर तिथेच खिळते. खेळाचं बक्षीस शिकायच्या वस्तूतच असतं. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यांनाही अनेक ठिकाणी खेळाच्याच बक्षिसावर तयार करतात: ठरावीक वास सापडला की चेंडू मिळतो. त्या कुत्र्याला स्फोटक म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याच्या लेखी तो चेंडूचा पत्ता असतो. शाबासकीचंही तसंच. ‘वा, शाब्बास!’ हे शब्द नेमक्या क्षणी आले आणि त्यांच्यामागून खेळ आला, तरच त्यांना वजन येतं. दिवसभर उगाच केलेलं कौतुक कुत्रा कानाआड करतो.

कोणी म्हणेल, बॉर्डर कॉली मेंढ्या वळणारी जात, तिचं उदाहरण सगळ्यांना कसं लागू? हजार नावांच्या बाबतीत आक्षेप रास्त आहे, रीतीच्या बाबतीत नाही. कॉलीला पाठलाग आवडतो, लॅब्राडॉरला वस्तू उचलून आणणं, टेरियरला ओढाताण. खेळ जातीप्रमाणे निवडावा. ओढाताणीने कुत्रा डोक्यावर बसतो, ही दुसरी भीती. इंग्लंडमध्ये रूनी आणि ब्रॅडशॉ या संशोधकांनी १४ गोल्डन रिट्रीव्हरांना या खेळात कधी जिंकू दिलं, कधी हरवलं. जिंकल्याने ते वरचढ झाल्याचं दिसलं नाही. खेळाने कुत्रा चेकाळतो आणि शिकलेलं विसरतो, असंही म्हणतात. पण २०१७च्या एका अभ्यासात धड्यानंतर खेळलेल्या लॅब्राडॉरांना दुसऱ्या दिवशी तोच धडा कमी प्रयत्नांत जमला. नखं कापताना शांत बसवायचं असेल, किंवा भेदरलेलं गावठी पिल्लू खेळण्याकडे बघतच नसेल, तर मात्र खाऊच बरा. तिथे हट्ट नको.

घरी करून बघायचं असेल, तर सर्वांत आवडतं खेळणं कपाटात ठेवा. दिवसभर पायात लोळणाऱ्या चेंडूचं बक्षीस होत नाही. आणि कुत्र्याची हौस फिटण्याआधी खेळ थांबवा.