आजारानंतर सायकल : परतीचे बळ राखा

टायफॉईड वा डेंग्यूचा ताप उतरला, तरी गेलेले बळ लगेच येत नाही. डॉक्टरांनी होकार दिला की सायकल जरूर काढा. पण एकदम बाजारचे गाव नको. पहिले काही दिवस सपाट रस्त्याने 10 मिनिटे पुरे. चालवताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. धाप लागली की उतरा. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर दवाखाना गाठा.

बॅटरीची सायकल असेल, तर चढाला मोटारीची मदत घ्या. मात्र वाटेत बॅटरी संपली, तर ती जड सायकल अशक्त माणसालाच रेटावी लागते. उन्हात तापलेली बॅटरी गार झाल्यावरच चार्जिंगला लावा. अंगातले बळ असो की बॅटरी, निम्म्याहून जास्त उरली असतानाच मागे फिरा. घरी परतायचे आहे ना!